लक्ष एकट्याचे नसते

‘मोबाइलने माणसांची एकाग्रता खाल्ली’ हे वाक्य आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून शाळेतल्या पालकसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यामागोमाग उपायही ठरलेले असतात. मन घट्ट करा, फोन दूर ठेवा, मुलाला ध्यानाला बसवा. निदान आणि उपाय या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. लक्ष ही ज्याच्या-त्याच्या डोक्यातली खासगी पुंजी. कोणी ती जपली, कोणी उधळली. ही समजूत मला उथळ वाटते. ती अन्यायकारकही आहे, कारण ज्याचे लक्ष हरवले त्यालाच ती दोषी धरते.

माझे म्हणणे असे आहे: एखाद्याला दोन तास पुस्तकात डोके घालून बसता येते, तेव्हा दुसरे कोणीतरी त्याच्यासाठी जागलेले असते, गप्प राहिलेले असते, किंवा त्याने दिवा लावून दिलेला असतो. एकाग्रता ही माणसांनी मिळून केलेली मांडणी आहे. तिला ठरलेली वेळ लागते, जागा लागते, सोबत लागते, आणि हातातल्या गोष्टीला शेवट असावा लागतो. गिरगावापासून दादर-लालबागपर्यंतच्या पट्ट्यात ही मांडणी कित्येक पिढ्या नांदली. माध्यमांच्या नव्या सवयींनी तिला उखडले आहे. मेंदू होता तसाच आहे.

१. आठ सेकंदांचा मासा

आधी एक खोटा आकडा बाजूला करू. माणसाचे लक्ष आता फक्त आठ सेकंद टिकते, म्हणजे काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशापेक्षाही कमी, असे व्याख्यानांतून छातीठोक सांगितले जाते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील विभागाच्या एका अहवालामुळे हा आकडा जगभर पसरला. त्याचा माग काढणाऱ्यांना मुळाशी संशोधन सापडले नाही, माणसाचे नाही आणि माशाचेही नाही.

खरे मोजमाप कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांचे आहे. २००४ च्या सुमारास संगणकासमोर काम करणारा माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे थांबत असे; अलीकडच्या मोजण्यांत ही सरासरी ४७ सेकंदांवर आली. हा आकडा गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण तो काय मोजतो ते नीट पाहायला हवे. माणूस काय करतो, हे त्यातून कळते. माणूस काय करू शकतो, हे कळत नाही. फोर्टमधल्या कचेरीत दर ४७ सेकंदांनी पडदा बदलणारी व्यक्ती रविवारी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात अडीच तासांचे नाटक जागचे न हलता पाहते. शुक्रवारी गेलेली शक्ती रविवारी परत आली असे कोणी म्हणणार नाही. नाट्यगृहात दार बंद असते, अंधार असतो, शेजाऱ्याची भीड असते, मध्यंतराची वेळ ठरलेली असते. कचेरीत साहेबाचा संदेश कधी येईल याचा नेम नसतो.

मार्क यांचेच आणखी एक निरीक्षण माझ्या मताच्या विरोधात मांडता येईल. बाहेरून येणाऱ्या व्यत्ययांच्या जवळपास तितकेच व्यत्यय माणूस स्वतःहून आणतो. कोणी हाक मारलेली नसताना हात खिशाकडे जातो. मग दोष मनाचाच ना? मला तसे वाटत नाही. गिरणीत वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेल्या माणसाला सुट्टीच्या रात्रीही झोप लागत नसे. त्याला कोणी निर्धार कर असे सांगत नव्हते. दिवसाची घडी शरीरात उतरली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. बोटांच्या सवयीकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

२. डबक चाळीतली रात्र

शांतता आणि एकांत असल्याशिवाय लक्ष लागत नाही, हा याच समजुतीचा दुसरा भाग. त्याला या पट्ट्यातल्या एका खोलीइतके सडेतोड उत्तर दुसरे नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी आंबेडकर कुटुंब घेऊन मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यास तिथेच. चुलीचा धूर, भांडीकुंडी, शेजारी बांधलेली शेळी. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमरावाला रात्री पुस्तक उघडायला जागाच नव्हती. तेव्हा वडिलांनी वेळेची वाटणी केली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, दोन वाजता मुलाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. मग काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यावर उजाडेपर्यंत अभ्यास. पुस्तके विकत घ्यायला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना घेऊन गहाण टाकत आणि पुस्तक आणत.

हा प्रसंग आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. जिद्द होतीच, ती कोण नाकारेल? पण दोन वाजता उठवायला जागे असलेले माणूस गोष्टीतून काढून टाका आणि मग पाहा काय उरते ते. एका मुलाच्या चार तासांच्या एकाग्रतेसाठी एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बापाने आपली झोप अर्धी केली, दोन बहिणींनी अंगावरचे सोने उतरवले आणि अख्ख्या खोलीने आपला दिवस त्या चार तासांभोवती बेतला.

दुसरी जागा गिरगावची. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याच बागेत येत. रोज एकटाच वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, मग पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे बडोद्याच्या महाराजांची मदत मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता. म्हणजे बागेतले ते वाचन कोणाच्या तरी डोळ्यांदेखत चालले होते. वाचणारा मुलगा दिसत होता. आज त्याच बागेत त्याच वयाचा मुलगा फोनमध्ये मान घालून बसला असेल, तर तो ग्रंथ वाचतो आहे की रील पाहतो आहे हे शेजारी बसलेल्या शिक्षकालाही कळणार नाही. पुस्तकाला पाठ असते आणि पाठीवर नाव असते. ज्याचे वाचन कोणाला दिसत नाही, त्याला पुढचे पुस्तक आणून देणारे कोणी भेटत नाही. या हानीबद्दल मी कोणालाच बोलताना ऐकलेले नाही.

पुढे बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. इच्छाशक्तीचा त्यांच्याइतका धनी माणूस दाखवणे कठीण. तरीही त्यांनी इच्छाशक्तीवर भिस्त ठेवली नाही, दगडविटांची जागा उभी केली.

३. शेवट असलेली माध्यमे

जुन्या माध्यमांचा सगळ्यांत मोठा गुण त्यांच्या मजकुरात नव्हता. ती संपत असत.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ सुरू केला. गिरगावातून निघणारे हे पत्र कामगारवस्तीत घरोघर पोचले ते मोजकी पाने आणि मोठ्या आवाजातला अग्रलेख घेऊन. १९५६ मध्ये अत्र्यांचा ‘मराठा’ आला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याने रान पेटवले. त्या पत्रांत आजच्या समाजमाध्यमांइतकाच राग होता, वैयक्तिक टीका होती, अतिशयोक्तीही होती. तेव्हाचा मजकूर सात्त्विक होता म्हणून वाचक एकाग्र होता, असे म्हणणाऱ्याने अत्र्यांचे अग्रलेख वाचलेले नाहीत. फरक असा की शेवटचे पान आले की पेपर मिटावा लागे. लोकलमध्ये चौपदरी घडी करून वाचलेला अंक परळला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई, संध्याकाळी घरातल्या बाकीच्यांसाठी परत येई आणि महिन्याअखेरीस रद्दीत जाई. मिटलेल्या पेपरानंतर जो रिकामा वेळ उरे, त्यात वाचलेले जिरत असे. त्यातूनच वाद होत.

ग्रंथालयाचेही तसेच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, दादर सार्वजनिक वाचनालय १९०७ चे. तिथून आणलेल्या पुस्तकावर परतीची तारीख असे आणि मागे नंबर लावलेला दुसरा वाचक असे. आपल्यानंतर कोणीतरी थांबले आहे, ही जाणीव पुस्तक पुरे करायला लावी. गिरगावच्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथे’चा पुढचा अंक महिन्याने येई आणि तो महिना मागच्या अंकातल्या एका कथेवर काढायचा असे. आकाशवाणीची ‘कामगार सभा’ ठरल्या वेळी लागे, ठरल्या वेळी संपे.

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये एझा रॅस्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने खाली सरकवत राहिले तरी न संपणारे पान तयार केले. आपल्या या कामाबद्दल पुढे त्याने जाहीरपणे खंत व्यक्त केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा मोजून वापरण्याची गरज संपली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. महिनाभराच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतापासूनच केली. चौदा वर्षांत पाठोपाठ तीन कुंपणे पडली: पानाचा शेवट गेला, पैशाचा हिशेब गेला, आणि पुढचे काय पाहायचे हे निवडण्याचे कामही हातातून गेले. शेवटच नसलेल्या गोष्टीपुढे ‘आता पुरे’ म्हणण्याचा सगळा भार एकट्या माणसावर येतो. दिवसातून शंभर वेळा, थकलेला असतानाही, ते त्यानेच म्हणायचे. पेपर हे काम स्वतः करत असे.

४. ऐकणाऱ्यांची भीड

गिरणगावात वाचन पुष्कळदा कानांनी होई. खानावळीत किंवा चाळीच्या गॅलरीत एक जण पेपर मोठ्याने वाची आणि अक्षरओळख नसलेले भोवती बसत. वाचणाऱ्याला मध्येच सोडून जाता येत नसे, ऐकणाऱ्याला पान उलटता येत नसे. दोघांचेही लक्ष एकमेकांच्या उपस्थितीने बांधलेले.

याचे सर्वांत कसलेले रूप म्हणजे डबलबारी भजन. सिंधुदुर्गाकडचे दोन बुवा समोरासमोर बसतात, पखवाज-टाळ कोरस घेऊन. एक बुवा गाण्यातून कोडे टाकतो, पुराणातला एखादा अडलेला प्रश्न विचारतो. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे आणि उलट प्रश्न टाकायचा. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यातही सवाल-जवाबाचा हाच जीव. आता हे ऐकणाऱ्याकडून काय मागते ते पाहा. तासाभरापूर्वीचा प्रश्न शब्दशः लक्षात ठेवावा लागतो. आलेले उत्तर खरेच त्या प्रश्नाचे आहे की बुवाने बगल दिली, हे ताडावे लागते. बगल दिलेली पकडली की श्रोत्यांतून आवाज उठतो. पाळी संपवून आलेली, पहाटेच्या पाळीला जायची असलेली माणसे हे रात्र-रात्र ऐकत. सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह आणि गिरगावच्या साहित्य संघाचे नाट्यमंदिर यांनी कोकणच्या या लोककलांना वर्षानुवर्षे घर दिले.

आज डबलबारीच्या चित्रफिती यूट्यूबवर आहेत. गावाकडच्या मुलाला त्या मिळतात, याचा मला आनंद आहे. पण दोन मिनिटांचा ‘जबरदस्त गजर’ कापून तुकडा फिरतो तेव्हा नेमका प्रश्नच गळतो आणि उत्तराची वाट पाहणेही गळते. कानात इअरफोन घालून एकट्याने ऐकणाऱ्याला बगल कळली, तरी ती ओरडून सांगायला शेजारी कोणी नसते.

५. भोंगा गेल्यावर

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ बंद पडली आणि त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. या तीन घटनांची साखळी लावण्याचा मोह होतो. मी ती लावणार नाही. त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. पण संपानंतर गिरणगावातून एक गोष्ट कायमची गेली आणि ती लक्षाशी थेट जोडलेली आहे. भोंग्याने बांधलेला दिवस गेला.

पाळी कष्टाची होती, जीवघेणी होती. पण तिला सुरुवात आणि शेवट होता. पाळी सुटल्यावर मुकादमाचा आवाज घरापर्यंत येत नव्हता. म्हणूनच रात्रशाळा, व्यायामशाळा, वाचनालये, भजनी मंडळे उभी राहिली; आठ तास ठरलेले असल्याने उरलेले तास कामगाराचे होते. आज त्याचा नातू कुठे बारा तासांच्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीत आहे, कुठे पाठीवर चौकोनी पेटी घेऊन परळच्या टॉवरांत जेवण पोचवतो आहे. त्याचा मुकादम फोनमध्ये आहे. हजेरी फोनवर, पुढचे काम फोनवर, पगार फोनवर, ग्राहकाने दिलेले तारे फोनवर. फोन वाजल्यावर काही सेकंदांत पाहिला नाही तर त्याच्या हातचे काम जाते. त्याला फोनपासून दूर राहण्याचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. ‘एक दिवस फोनचा उपवास’ ज्याला परवडतो त्याच्या चुलीला झळ लागत नाही. लक्षाचा प्रश्न हा कामाच्या तासांचा प्रश्न आहे, आणि एकाग्रतेवर बोलणाऱ्या आपल्या बहुतेक व्याख्यानांत कामाच्या तासांचा उल्लेखही नसतो.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे सारे चाळीचे गोडवे आहेत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत आठ-दहा माणसे आणि सामायिक संडास, यात गोड काही नव्हते. ती घरे पाडून ५०० चौरस फुटांची बांधली जात आहेत, हे योग्यच आहे. या आक्षेपात आणखी एक टोक आहे जे मला बोचते. गॅलरीत पेपर ऐकणारे बहुतेक पुरुष होते. त्या वेळी बाई चुलीपाशी होती. रामजींच्या लेकींचे दागिने पुस्तकांसाठी गेले, पण त्या लेकींना कोणी रात्री दोनला अभ्यासाला उठवले नाही. आज पोळ्या लाटताना फोनवर कीर्तन, कादंबरीचे अभिवाचन किंवा व्याख्यान ऐकणाऱ्या बाईला त्या फोनने तिच्या आजीला न मिळालेला कोपरा दिला आहे. माझ्या मांडणीत हे बसवायलाच हवे. एकत्र ऐकण्याची जुनी जागा सगळ्यांची नव्हती. नवी उभारताना ती सगळ्यांची असायला हवी.

दुसरा आक्षेप: प्रत्येक पिढीने नव्या माध्यमावर हेच आरोप केले. खरे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये आणि ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. सिनेमाने पोरे बिघडतील हा ओरडा तेव्हाही झाला. पण सिनेमाला तिकीट होते, मध्यंतर होते आणि शेवटी दिवे लागत. नाटक, सिनेमा, रेडिओ, दूरदर्शन यांपैकी एकही माध्यम माणसाबरोबर अंथरुणात आणि शौचालयात गेले नव्हते. प्रत्येक नव्या माध्यमाला एकाच मापाने मोजले की नेमका हा फरक निसटतो.

तिसरा, तरुणांकडून येणारा: आम्ही तीन-तीन तासांच्या मुलाखती ऐकतो, रात्रभर बुद्धिबळ खेळतो, आमचे लक्ष कुठे गेले आहे? मला हे पूर्ण मान्य आहे. उलट, ते माझ्याच बाजूचे आहे: शक्ती शाबूत आहे, आणि मुलाखतीला व डावाला शेवट असतो.

७. जागा कोणाकडे मागायची

लक्ष ही सार्वजनिक मांडणी असेल तर तिची मागणीही सार्वजनिक व्हायला हवी, पाण्याची आणि मैदानाची होते तशी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी आहे, अनुदान आहे. ते किती तुटपुंजे हे ग्रंथपालाच्या पगाराकडे पाहिले की कळते. नोकरीवरून सुटलेला माणूस दादरला उतरतो तेव्हा वाचनकक्ष बंद होण्याच्या बेतात असेल, तर त्या कक्षाचा त्याला उपयोग नाही. वाचनालय रात्री अकरापर्यंत उघडे ठेवायला नवे तंत्रज्ञान लागत नाही, एका माणसाचा पगार लागतो.

लालबाग-परळमध्ये आज जुनी वस्ती जाऊन मनोरे उठत आहेत. प्रत्येक नकाशात वाहनतळ असतो, व्यायामशाळा असते. रहिवाशांच्या सभेत बसणाऱ्या प्रत्येकाने विचारावे की अभ्यासिका कुठल्या मजल्यावर आहे. कारण नव्या घरात मुलाला स्वतःची खोली मिळेल, दार लागेल, गॅलरी नसेल. दाराआड तो आणि न संपणारे पान, दोघेच असतील. १६० फुटांत जागा नव्हती पण नजर होती. ५०० फुटांत जागा असेल, नजर कुठून आणायची याचा विचार नकाशा मंजूर होण्याआधी करायला हवा.

परळहून जवळच, वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गावर असा विचार कोणाच्याही आदेशाशिवाय झाला. चाळींतली मुले घरात जागा नाही म्हणून त्या शांत रस्त्यावरच्या दिव्यांखाली अभ्यासाला येऊ लागली. पिढ्यामागून पिढ्या येत राहिल्या. लोक त्या रस्त्याला अभ्यास गल्ली म्हणू लागले. पुढे महापालिकेने तिचे सुशोभीकरणही केले. तिथे भिंत नाही, शिस्त लावणारा मास्तर नाही, एकांत तर नाहीच. प्रत्येकाच्या खिशात तोच फोन आहे, जो घरी अभ्यास होऊ देत नाही. पण शेजारचा मान खाली घालून गणित सोडवत असतो आणि कोणाचा फोन वाजला की त्याची मान वर होते. फोनवाला ओशाळून आवाज बंद करतो, फोन दप्तरात टाकतो आणि पुन्हा वहीकडे वळतो.